पाण्याच्या दिवशी येणारा

इचलकरंजीत भुतं आली ती माग बंद पडल्यावर. आधी नव्हती असं नाही, पण असली तरी ऐकू कुणाला येणार? गल्लीगल्लीत माग, पाळीमागून पाळी खटखट चाललेली. लग्नाची बोलणीसुद्धा ओरडून व्हायची, आणि नवरा-बायकोची भांडणं शेजाऱ्यांना कळायची नाहीत, एवढं एक सुख होतं. मग नवे, बिनआवाजाचे माग आले आणि गावाबाहेरच्या बंद शेडमध्ये जाऊन बसले. जुने माग भंगारात निघाले. बघता बघता गाव गप्प झालं, आणि लोकांना आपापल्या घरात काय काय वाजतं ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकू यायला लागलं. कुणाला जिन्यावर पावलं, कुणाला बंद खोलीतून खोकला, कुणाला गेलेल्या बायकोच्या बांगड्या.

हर्षदा मगदूमला याचं फार नवल वाटलं नाही. ती कान तपासणारी. मागवाल्यांच्या दोन पिढ्यांचे कान तिच्या दवाखान्यातून गेले होते. मागाजवळ जन्म काढलेल्या माणसाचा कान अर्धामुर्धा गेलेला असतो. पण कान गेला म्हणून मेंदू स्वस्थ बसत नाही. तो आपला आवाज वाढवून ठेवतो, आणि बाहेरून कमी पडेल तेवढं पदरचं घालतो. हे सगळं तिला पाठ होतं. पण तपासणी झाल्यावर एखादी म्हातारी दार लोटून घ्यायची आणि हळूच म्हणायची, "बाई, एक विचारू? हसनार न्हाई न्हवं?" तेव्हा पाठ असलेलं सांगायला तिची जीभ वळायची नाही.

म्हणून तिने 'कानोसा' काढलं. हौशी मंडळ, माणसं तीन. ती स्वतः, बापू सातपुते, म्हणजे निवृत्त जॉबर, ज्यांनी उभं आयुष्य बिघडलेले माग दुरुस्त करण्यात घालवलं, आणि निलोफर मोमीन, आवाजाची यंत्रं बनवणारी इंजिनियर, जी पुण्यातल्या कंपनीचं काम घरी बसून करायची आणि रविवारी या दोघांबरोबर लोकांच्या माळ्यावर चढायची.

भुतं शोधणाऱ्या टोळ्या तेव्हा गावोगाव झाल्या होत्या. अंधारात हिरवे दिवे लावायचे, कुणाच्या तरी मेलेल्या लेकराला हाका मारायच्या आणि व्हिडिओ टाकायचा. हर्षदाचा त्यांच्यावर भारी राग. "आपण दुसऱ्याच्या दुःखात पाय ठेवतोय," ती म्हणायची, "तर चपला बाहेर काढून जाऊया." कानोसाने जायचं ते दिवसाढवळ्या. कॅमेरा न्यायचा नाही. वर्षश्राद्ध झाल्याशिवाय त्या घराची पायरी चढायची नाही. 'भास' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. माणूस आजारी वाटला तर डॉक्टरकडे पाठवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. आणि या सगळ्यावर एक नियम असा, की ज्याला ऐकू येतं त्यानेच बोलवायला हवं. आईला ऐकू येतं म्हणून मुलाने बोलावलं, तर जायचं नाही. हा नियम मोडायला सांगणारे फार भेटत, आणि हर्षदा त्यांना चहा पाजून परत पाठवायची.

"ज्येचं भूत, त्येची परवानगी," बापू सगळ्यांना समजावायचे.

बहुतेक घरांत साधंच काही निघायचं. सैल पत्रा, फुगलेलं दार, टाकीत शिरलेली हवा. बापूंच्या पिशवीत पाना-पकड आणि तेलाची बुधली कायम असायची, आणि निघताना ते घर नीट करून द्यायचे. त्यांना कुणी सांगावं लागत नसे. जॉबर माणूस, खडखडणारं काही दिसलं की हात शिवशिवायला लागत. घरची माणसं पोहे करायची, पुन्हा पुन्हा आभार मानायची, आणि आभार मानलेले हर्षदाला फार आवडायचे. अशा दुरुस्तीलाही नियम लागतो असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

मग निलोफरने ते यंत्र केलं.

त्यामागचं शास्त्र हर्षदाच्या रोजच्या कामातलंच होतं. कान नुसता ऐकत नाही, तो स्वतःही अगदी बारीक आवाज काढतो. कानाच्या आत शंखासारख्या नळीत पेशींच्या रांगा असतात. त्या आखडतात, सैलावतात, आणि त्यांच्या हालचालीचा आवाज कानातून बाहेर येतो. तान्ह्या बाळाला ऐकू येतं का, हे याच आवाजावरून तपासतात. पुढची गोष्ट अशी, की या पेशींना मेंदूकडून उलटे निरोप येत असतात. अमुक आवाज येणार आहे, तयार राहा. तुम्ही कुणाच्या पावलांची वाट पाहत असाल, तर पावलं वाजायच्या आधीच तुमचा कान त्या पावलांसाठी जुळवून बसलेला असतो.

निलोफरने कापसाच्या बोंडासारखा पांढरा, बोटाच्या पेराएवढा ठोकळा केला. तिघं त्याला बोंडच म्हणायची. तो कानात बसवायचा. कान जे बारीक बारीक बोलतो ते तो टिपायचा आणि हजारो कानांवर शिकलेली प्रणाली त्यावरून उलटा हिशेब मांडायची, की हा कान कशासाठी तयार होऊन बसलाय. मग तो आवाज स्पीकरवर वाजवता यायचा. घरात झालेला आवाज नव्हे, कानाला अपेक्षित असलेला.

"म्हणजे हे वाट पाहणं मोजतं," हर्षदा म्हणाली.

"मोजत नाही ताई, ऐकवतं," निलोफर म्हणाली.

पहिल्यांदा त्यांनी ते बापूंच्या कानात घातलं. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. थोड्या वेळाने स्पीकरमधून मागाची खटखट सुरू झाली. धोटा इकडून तिकडे जाताना ठोका बसायचा, आणि दर काही ठोक्यांनी एक जरा अडखळायचा. बापू ऐकत राहिले. मग म्हणाले, "ह्यो आमचा सात नंबरचा माग. ह्येचा धोट्याला मारनारा पिकर कवा नीट झालाच न्हाई." त्यांनी चष्मा पुसला आणि बोंडाची चेष्टा करत बसले, पण पुन्हा काही ते त्यांनी कानात घातलं नाही.

ऋतुजा ढवळे दवाखान्यात आली ती कान दाखवायला नाही. तिशीतली बाई, गळ्यात बारीक काळ्या मण्यांची पोत, हातात डबा. ती समोर बसली आणि सरळ बोलायला लागली.

"माझे मालक जाऊन तीन वर्षं झाली. अपघात झाला, शेडच्या रस्त्याला. आता आत्यांना ते येताना ऐकू येतात."

आत्या म्हणजे तिची सासू, मालनबाई. जन्मभर मागाच्या कांड्या भरलेली बाई. दुपारी जेवणवेळ टळून गेली की फाटकाची कडी वाजते, अवधूत चप्पल घासत ओट्यावर येतो, घसा खाकरतो. मालनबाई म्हणतात, "आला बघ. पानी दे त्येला आधी." आणि ऋतुजा म्हणते, "कुठं आले, आत्या?" रोज नाही, एक दिवसाआड.

"एक दिवसाआड का?" हर्षदाने विचारलं.

"आत्या म्हणतात, एक दिवस त्याची पाळी असती."

हर्षदाने नियम सांगितला. ऋतुजाने मान हलवली, म्हणजे तो तिला माहीत होता. तरी ती उठली नाही.

"जयसिंगपूरचं स्थळ आलंय," ती म्हणाली. "शिक्षक आहेत. बायको गेली, पाच वर्षांची मुलगी आहे. आत्यांनीच आधी होकार दिला होता हो. मला म्हणाल्या, तू लेक आहेस माझी, जा. आणि मग हे सुरू झालं. आता म्हणतात, तो येऊन दारात बघंल आणि तू नसशील, तर मी त्याला काय सांगू? त्या वाईट नाहीत, बाई. पण तेवढ्या वेळेला मी स्वयंपाकघरात कान झाकून बसते. मला काही ऐकू येत नाही, तरी झाकून बसते."

ती रडली असती तर हर्षदाने तिला चहा पाजून पाठवलं असतं. पण ती रडली नाही, डब्याचं झाकण नखाने खरवडत राहिली. आणि हर्षदाच्या तोंडून निघून गेलं, "आत्यांचे कान तपासायला म्हणून मी घरी येऊ शकते. त्यात खोटं काहीच नाही."

नियम तिचाच. वाकवलाही तिनेच.

मालनबाईंना कोण आनंद झाला. "घरी येऊन तपासता? लई बरं केलासा बाई. रिक्षावाले दमडीला सोडत न्हाईत." घर लहान, पुढे ओटा, ओट्यापुढे लोखंडी फाटक. नळाचा पाइप भिंतीवरून येऊन फाटकाच्या खांबाला क्लांपने जखडलेला. हर्षदाने बोंड मालनबाईंच्या कानात बसवलं. निलोफर आपलं यंत्र घेऊन स्वयंपाकघरात बसली. बापू बाहेर.

जेवणवेळ टळली. गल्लीत एकदम घागरी-बादल्यांची धावपळ उडाली. पाणी सुटायचा दिवस होता. गावाला एक दिवसाआडच पाणी, हे हर्षदाला तेव्हा आठवलं आणि सगळं उलगडलं. पाण्याआधी पाइपातून हवा धसमुसळत आली, सैल क्लांप थरथरला, त्याबरोबर फाटकाची कडी वाजली. बस, एवढंच. पुढचं सगळं मालनबाईंचं.

त्या ताठ बसल्या. पडलेला चेहरा एकाएकी भरून आला. "आला बघ," त्या म्हणाल्या. "पानी दे त्येला आधी."

स्वयंपाकघरात निलोफरच्या हेडफोनमध्ये तो आवाज येत होता. ऋतुजा तिच्याशेजारी कान झाकून उभी होती. मग तिने हात काढले आणि म्हणाली, "मला द्या." निलोफरने दिला. द्यायचा की नाही, हे कुठल्या नियमात नव्हतं. ऋतुजाने ऐकलं. कडी. मग चप्पल, डाव्या पायाची घासत येणारी. मग घसा खाकरणं. ती भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली.

"हेच," ती म्हणाली. "असंच यायचे. नवी चप्पल आणली तरी डावी झिजायची."

हर्षदाने ठरवलं, घाई करायची नाही. मालनबाईंना विश्वासात घ्यायचं, दोनचार वेळा यायचं, आणि मग विचारायचं, की काकू, हे राहू दे का जाऊ दे? त्यांच्या तोंडून हो आलं तरच. निघताना तिच्या डोक्यात हेच चाललं होतं. फाटकाशी मालनबाई बापूंना म्हणत होत्या, "देव भलं करो तुमचं. लई दिस खडखडत हुतं ते." बापू पाना पिशवीत टाकत होते. हर्षदाने ते पाहिलंही. पण मालनबाईंनी तेवढ्यात तिच्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांची पिशवी दिली, आणि तिने हसून ती घेतली.

पाण्याचे काही दिवस गेले. मग मालनबाई एकट्याच रिक्षा करून दवाखान्यात आल्या.

"माझं कान बगा," खुर्चीत बसायच्या आधीच त्या म्हणाल्या. "तुमी तपासून गेलासा तवापास्नं काय तरी बिघडलंय. ऐकू येईना झालंय."

"काय ऐकू येत नाही?"

त्यांनी हर्षदाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "हसनार न्हाई न्हवं?" मग म्हणाल्या, "माझा ल्योक येतोय, त्येचं पाऊल. तो येत असंल, पर माझं कान गेलं. त्येला वाटंल, आई बोलत न्हाई. रुसंल तो."

हर्षदाने तपासणी केली. आलेख जसा मागच्या वेळी होता तसाच आला, तसूभर फरक नाही. ती त्यांच्याकडे पाठ करून कागद जुळवत राहिली, कारण चेहरा दाखवण्यासारखा नव्हता. त्या गेल्यावर तिने बापूंना फोन लावला.

"बापू, ढवळ्यांच्या फाटकाला काही केलंत?"

"क्लांप आवळला की. सैल हुता." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "म्याडम," ते म्हणाले, "ते त्येच्यामुळं हुतं व्हय?"

तिघांनाही रागवायला कुणी सापडेना. हर्षदा पहिल्यांदा बापूंवर चिडली, मग तिला लाज वाटली. मालनबाईंची परवानगी न घेता घरात शिरली होती ती, बापू फक्त मागोमाग आले होते.

त्यांनी जाऊन क्लांप पुन्हा सैल केला, 'वायसर बदलायचंय' असं काहीतरी सांगून. पाण्याच्या दिवशी हर्षदा मालनबाईंच्या शेजारी बसली, बोंड त्यांच्या कानात. हवा आली, क्लांप थरथरला, कडी वाजली, अगदी पूर्वीसारखी. मालनबाईंनी कान टवकारले.

"पाइप खडखडाय लागला बगा पुन्ना," मालनबाई म्हणाल्या. "बापू, तुमचं काम कच्चं हाय."

यंत्रावर काही नव्हतं. तो कान कशाचीच वाट पाहत नव्हता. मेंदू नुसता आशेवर चालत नाही. कडीनंतर पाऊल, असं त्याने स्वतःशी जुळवलेलं असतं. कडी वाजेनाशी झाली, पाऊल पडेनासं झालं, दर पाण्याच्या दिवशी केलेली तयारी फुकट गेली, आणि एके दिवशी त्याने तो निरोप पाठवणंच सोडलं. सोडलेलं पुन्हा धरायला लावणं कुणाच्या हातात नव्हतं, स्वतः मालनबाईंच्याही नाही. निलोफर म्हणाली, "ताई, आपल्याकडे रेकॉर्डिंग आहे. कानाच्या मशीनमध्ये घालून देऊ. पाण्याच्या दिवशी वाजेल. त्यांना कळणारही नाही."

हर्षदाला मोह झाला, हे कबूल करायला हवं. "नको," ती म्हणाली. "एकदा न सांगता केलं तेवढं पुरे."

ती एकटी गेली आणि सगळं सांगितलं. ओट्यावर उन्हात गहू पसरलेले होते. मालनबाई खडे वेचत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे तो येत नव्हता."

"नाही, काकू."

"मीच चालवत हुते त्येला."

"हो."

"आन् आता मीच चालवायचं सोडलं."

"तुम्ही नाही सोडलं. आमच्यामुळे सुटलं. मी विचारायला हवं होतं."

मालनबाईंनी एक खडा उचलून बाहेर टाकला. "पाय दुखत असतील त्येचं," त्या म्हणाल्या, आणि मग पदर तोंडाला लावून खूप वेळ रडल्या. हर्षदाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिला वाटलं की हा हात आपण काढावा, कारण तो कुठल्या अधिकाराने तिथे होता? पण मालनबाईंनी तो झटकला नाही. शांत झाल्यावर हर्षदाने रेकॉर्डिंगचं विचारलं. "नगं," त्या म्हणाल्या. "माझंच मन मलाच काय ऐकवता?" आणि आत हाक मारली, "ऋतुजा, जयसिंगपूरला फोन कर. त्यास्नी म्हनावं, तारीख काढा. आता दारात कोन बघतंय."

ऋतुजा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने मान हलवली.

फाटकापर्यंत ती हर्षदाला सोडायला आली. "ताई," ती म्हणाली, "ते आत्यांना नको असेल तर मला द्याल? एकदाच ऐकते. जायच्या आधी."

या प्रकरणात कुणाला तरी काही तरी देता येतंय, याचं हर्षदाला इतकं बरं वाटलं की तिने पुढचा विचार केला नाही. मागणारी स्वतः मागत होती, नियमात बसत होतं. तिने तिथेच उभ्या उभ्या निलोफरला सांगून ते ऋतुजाच्या फोनवर पाठवलं. क्लांप सैल तो सैलच राहिला. बापूंनी आता कुणाच्या घरातल्या कशालाही हात लावायचं सोडून दिलं होतं. बुधली त्यांनी पिशवीतून काढूनच टाकली.

मंडळाच्या नियमांत एकाची भर पडली. घर जसं सापडलं तसंच सोडून निघायचं. खडखडणारं खडखडू द्यायचं.

नंतर कित्येक दिवस जयसिंगपूरच्या लग्नाचं बोलावणं येईल म्हणून हर्षदा वाट पाहत होती. बोलावणं आलं नाही. दिवाळी होऊन गेल्यावर मालनबाईंचा फोन आला. "तुमचं मंडळ घिऊन या," त्या म्हणाल्या. "मी बोलावतीया. तुमच्या नियमानं."

हर्षदाला आनंद झाला. इतका की तिने गाडीत निलोफरला सांगितलं, "बघ, कदाचित परत यायला लागला असेल." बापू मागच्या सीटवर हलकी झालेली पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

मालनबाई फाटकातच उभ्या होत्या. आत न नेता त्यांनी तिथेच, खालच्या आवाजात सांगितलं, "मला न्हाई. हिला."

"कुणाला?"

"माझ्या सुनंला. तिनं जयसिंगपूरला नकार कळवला. मी भांडले, हाता-पाया पडले. म्हनती, आत्या, मी गेल्यावर ते येतील तवा घरात कोन आसंल?"

मालनबाई सांगत गेल्या तसं हर्षदाला सगळं उलगडत गेलं. रेकॉर्डिंग एकदाच ऐकायचं होतं, ते ऋतुजाने पुन्हा पुन्हा ऐकलं. पाण्याच्या दिवशी कडी वाजली की लावायची. मग कडी आणि पाऊल तिच्याही डोक्यात जोडलं गेलं, सासूचं जसं आपोआप जोडलं गेलं होतं तसंच. मग फोनची गरज उरली नाही. मंडळाच्या तिघांनी एकीच्या कानातून काढलं आणि आपल्या हातांनी दुसरीच्या कानात घातलं, तेही तिला यंत्र न लावताच. मालनबाईंनी ज्या आठवणीतून लेकाला चालवलं होतं, त्याच चालीने आता तो बायकोकडे येत होता.

"तो क्लांप आवळा," मालनबाई म्हणाल्या. "बापूंनी आवळला हुता तसा. आवळलं की जातंय, मला म्हाईत हाय. माझं न्हाई गेलं?"

बापूंनी हात मागे बांधले. हर्षदा खांबापाशी गेली. क्लांपचा नट उघडाच होता, बोटांनीसुद्धा फिरला असता. एवढं केलं की दोनचार आठवड्यांत सगळं मिटेल, ऋतुजा हळूहळू मोकळी होईल, त्या पाच वर्षांच्या पोरीची वेणी घालेल. हर्षदाने नटावर बोटं ठेवली. हेच तिने आधी एकदा केलं होतं, दुसऱ्याच्या हातून, आणि तेव्हाही हेतू असाच चांगला होता.

"ताई, हात काढा."

ऋतुजा ओट्यावर आली होती. हातात ताट, पुसता पुसता तशीच आलेली.

"ऋतुजा, तो आवाज कुठून येतो ते तुला—"

"माहीत आहे. तुम्ही आत्यांना सांगत होता तेव्हा मी दारातच होते. शब्द न् शब्द ऐकलाय. माहीत असून येतात हो, त्याला मी काय करू?"

"तू म्हणालीस तर घालवता येईल. तू नुसतं म्हण."

ऋतुजाने सासूकडे पाहिलं. मालनबाई हात जोडून उभ्या होत्या. सून दुसऱ्याच्या घरी जावी म्हणून हात जोडणारी सासू हर्षदाने उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"मी नाही म्हणणार," ऋतुजा म्हणाली. "ज्याला ऐकू येतं त्यानंच बोलवायचं ना? मी तुम्हाला बोलावलेलं नाही."

हर्षदाने हात काढला. मालनबाईंच्या चेहऱ्याकडे बघायची तिची छाती झाली नाही. रडू आलं, ते तिने आवरलंही नाही. निलोफर तिच्या दंडाला धरून उभी राहिली.

गल्लीत बादल्या वाजायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" पाइपातून हवा धसमुसळत आली, क्लांप थरथरला, कडी वाजली.

हर्षदाला पाइप ऐकू आला. बापूंना, निलोफरला पाइपच ऐकू आला. मालनबाईंनी मान वाकडी करून खूप लक्ष देऊन ऐकलं, आणि त्यांच्या तोंडाकडे पाहून कळत होतं की त्यांनाही पाइपच ऐकू आला. ऋतुजा मात्र फाटकाकडे वळली. तिची नजर जमिनीवरून हळूहळू ओट्याच्या पायरीपर्यंत आली आणि तिथे थांबली.

"आले, आत्या," ती म्हणाली.

मालनबाई पदराने डोळे पुसून पायरी चढल्या, सुनेच्या हातातलं ताट घेतलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "आला. पानी दे त्येला आधी."